अकराव्या ठोक्याचा खोकला

निरोप आला तेव्हा मी मागच्या पडवीत बसून आईला बोंबील कापून देत होतो. फोन गुडघ्यावर ठेवलेला. वाचलं आणि हातातला बोंबील सुटला. मांजर टपून बसलेलीच होती, तिने तो पळवला.

‘आम्ही दोघं येतोय. शुक्रवारी मांडव्याला उतरू. होडीचं इंजिन आम्हाला प्रत्यक्ष ऐकायचंय.’ पुढे दोन हसरे चेहरे.

आई म्हणाली, “काय रे, कोण गेलं?”

“गेलं नाय कोण. येतायत.”

“मग तोंड सुतकी कशाला?”

कशाला म्हणजे, ते जे इंजिन ऐकायला जपानहून येत होते ते इंजिन माझ्या तोंडात होतं. खरंखुरं इंजिन आमच्या तांडेलकाकांच्या वाडीत ताडपत्रीखाली पडलेलं, दोन वर्षं बंद. खाडीवर पूल झाला, माणसं पलीकडे नेणारी काकांची तर बंद पडली, त्यांनी होडी विकली. इंजिन कोणी घेतलं नाही म्हणून राहिलं. मी त्याची नक्कल केली, रेकॉर्ड केली आणि खरा आवाज म्हणून पाठवून दिली. हे झालं तीन महिन्यांपूर्वी.

नक्कल हा माझा जुना रोग. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात “तिसरी तुकडी, मैदानावर!” असं ओरडून मी अख्खा वर्ग उन्हात उभा केला होता. नंतर मला एकट्याला उभा केला, खऱ्या हेडमास्तरांनी. कॉलेजात गेलो तेव्हा मांडव्याच्या जेट्टीवरचे आवाज काढून व्हिडिओ टाकायचो. मुंबईहून येणारी कॅटामरान बोट लागताना टायरवर घासते ती कुरकुर, दोर फेकणाऱ्याचं “धर धर धर”, मुंबईच्या बाईंचं “भैया, ऑटो?”. असाच एक व्हिडिओ फिरत फिरत जपानच्या कुठल्याशा समुद्रकाठच्या गावात पोचला. तिथे चार माणसांची एक कंपनी. चारच! भाड्याच्या जागेत खाली माशाचं दुकान आणि वर हे चौघं व्हिडिओ गेम बनवतात.

नावं सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. मीच मनात त्यांना नावं ठेवली होती. सगळ्यांच्या वरच्या त्या बाई. आवाजाचं बघणारे, पन्नाशीचे, हेडफोन मानेवरून कधीच न काढणारे ते आवाजवाले. चित्रं काढणारी एक मुलगी, कायम मफलरमध्ये, म्हणून मफलर. आणि कोड लिहिणारा एक जण, जो कॅमेऱ्यात फक्त कपाळ दाखवायचा, म्हणून कपाळ.

त्यांच्या गेममध्ये मारामारी नाही, पॉइंट नाहीत. खाडी आहे, धुकं आहे, आणि तुम्ही तरीची होडी चालवता. माणसं, टोपल्या, सायकली ह्या काठावरून त्या काठावर. धुक्यात दिसत काही नाही, तेव्हा कानांनी ओळखायचं, कुठला काठ जवळ आला. बाई विद्यार्थी असताना आमच्या भागात फिरायला आल्या होत्या, काकांच्याच तरीत बसल्या होत्या. तीच खाडी त्यांच्या डोक्यात राहिलेली. मग त्यांना इथला माणूस हवा होता, आवाज गोळा करून देणारा. एका गेमपुरता ठेवला मला. गेम पुरा झाला की कायमचं घ्यायचं की नाही ते ठरणार होतं.

मला रेकॉर्डर पाठवला त्यांनी, वाऱ्यासाठी त्याच्यावर केसाळ टोपी. आई म्हणाली, “ह्ये मुंगूस घरात नको.”

काम मी मन लावून केलं, खोटं नाही बोलत. चिखलात निवट्या मासा उडी मारतो तो टप्पकन आवाज. मिठागरात फळीने मीठ ओढतात तो खरखराट. किहीमच्या वाडीत झावळी पडते तो सळसळाट. एकेका आवाजासाठी चार चार तास बसलो. कारण त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी गेमच्या पानावर सगळ्या जगाला लिहूनही दिला होता: ‘ह्या गेममधला प्रत्येक आवाज त्याच्या जागेवर जाऊन घेतलेला आहे.’ प्रत्येक आवाजाबरोबर एक चिठ्ठी भरायची. कुठे घेतला, किती वाजता, वारा कुठून होता, तिथे कोण कोण हजर होतं.

होडीच्या इंजिनाची तारीख आली तेव्हा मी तांडेलकाकांना विचारलं. ते म्हणाले, “जाम झालाय त्यो. नोझल गेलाय. हँडल मारशील तर हात मोडंल.” मी त्या संध्याकाळी ओहोटीला जुन्या धक्क्याखाली गेलो, निळ्या प्लास्टिकच्या पिंपात डोकं घातलं, रेकॉर्डर चालू केला आणि तोंडाने इंजिन सुरू केलं. डुग डुग डुग डुग. लहानपणापासून हजार वेळा बसलो होतो त्या होडीत. दहा ठोके सरळ, अकराव्याला एक खोकल्यासारखा खर्रर्र, की परत डुग डुग. सहा मिनिटं. घसा फाटला. पाण्याची लपलप तेवढी खरी.

चिठ्ठी भरली. जागा: होडीत. वारा: पश्चिमेचा. हजर: तांडेल.

आवाज काढणं ही नक्कल होती. खोटेपणा तो चिठ्ठीतला. एवढा फरक मला तेव्हाही कळत होता.

मला वाटलं होतं, त्यांच्याकडे हजार आवाज, ह्याच्याकडे कोण बघतंय. पण आवाजवाल्यांनी तो सगळ्यांना परत परत ऐकवला. एरवी ते महिन्यात पाच वाक्यं बोलतात. त्या दिवशी म्हणाले, “हे इंजिन जिवंत आहे. अकराव्या ठोक्याला खोकतं.” कपाळाने मग त्या खोकल्यावर दोन महिने काम केलं. धुकं दाट झालं की खोकला वाढतो, काठ जवळ आला की कमी होतो. सगळा गेम त्या खोकल्यावर उभा राहिला. आणि मला सोमवारची भीती वाटायला लागली.

सोमवार का, तर त्यांची एक पद्धत. सोमवारी सकाळी, त्यांचे दहा आणि आमचे साडेसहा, सगळे स्क्रीनवर जमायचे आणि कामाच्या आधी प्रत्येकाने गेल्या आठवड्यातली आपली एक चूक सांगायची. कोणी हसायचं नाही, समजूत काढायची नाही, ‘जाऊ दे हो’ म्हणायचं नाही. बाई ती एका वहीत लिहून घेणार, सगळे जरासे वाकणार आणि पुढचा. आपल्याकडे चूक दुसऱ्याची सांगतात, त्यामुळे मला पहिल्यांदा ही गंमतच वाटली. मी माझ्या चुका तयार करून न्यायचो. “मुंगसावर चहा सांडला.” “कोंबड्याला बोलायला लावलं, तो बोलायचा थांबेना.” मफलर खाली बघून हसायची, नियम मोडून. त्या आवाजानंतर पण मी तसल्याच चुका सांगत राहिलो. बारा सोमवार. बाई दर वेळी तितक्याच नीट अक्षरात लिहून घ्यायच्या.

आणि आता बाई आणि आवाजवाले येत होते.

मी पळत तांडेलकाकांकडे गेलो. वाडीत नारळ सोलत होते.

“काका, इंजिन चालू करायचंय. शुक्रवारच्या आत.”

“का रं? होडी काय तुज्या डोक्यावर ठेवायची हाय?”

सांगितलं सगळं. ऐकताना त्यांचा कोयता थांबला. “म्हंजे तू त्यांना फसवलास.”

“नाय हो काका. आवाज तोच आहे.”

“तोच हाय तं घाबरतोस कशाला?”

पण काका चांगले. पेणहून एक फिटर आणला, ताडपत्री काढली, तीन दिवस दोघं त्या गंजाशी भांडले. बुधवारी दुपारी काकांनी हँडल मारलं आणि इंजिन फुरफुरून सुरू झालं. काळा धूर, कावळे उडाले, शेजारची कुत्री भुंकायला लागली. मी डोळे मिटून मोजायला लागलो. आठ, नऊ, दहा.

अकरा. बारा. तेरा.

खोकलंच नाही. शंभरपर्यंत मोजलं. घड्याळासारखं सरळ चाललेलं.

“काका, हे खोकत का नाही?”

“इंजिन कवा खोकतं रं?”

“पहिलं खोकायचं! दर थोड्या वेळाने, खर्रर्र करून!”

काका माझ्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले, ते असे की कंबर धरून खाली बसले. “आरं ते इंजिन न्हाय, मी! सुकाणूजवळ बसून बिडी वडायचो ना. सारखा खोकत व्हतो. डॉक्टर बोल्ला, सोडा न्हाय तं जाल. होडी गेली, तवाच बिडी सोडली. आता छाती बघ, साफ.”

फिटरसुद्धा हसला. मी मात्र तिथेच ताडपत्रीवर बसलो. म्हणजे मी माणूस आणि यंत्र एकत्र करून ठेवले होते, आणि तो जो आवाज होता तो जगात आता कुठेच नव्हता. ना इंजिनात, ना काकांच्या छातीत.

“काका, एकदा खोका ना.”

“मला खोकला न्हाय तं खोकू कसा?”

“उगीच. घशातून.”

त्यांनी बिचाऱ्यांनी प्रयत्न केला. देवळात पुजारी लक्ष वेधायला खाकरतो तसा आवाज आला. मी म्हटलं, “असं करू या, मी इंजिनामागे लपतो, तुम्ही हँडल मारा, मी खोकतो.” काका उठले, इंजिन बंद केलं, आणि हसू पुसून म्हणाले, “त्ये एवढ्या लांबून येनार, तू इंजिनामागं लपनार. बरं दिसंल का?”

शुक्रवारी मांडव्याला मी तासभर आधीच उभा. जेट्टीवर दर मिनिटाला मनात वाक्य जुळवत होतो, इंग्रजीत, कारण आमचं सगळं बोलणं मोडक्या इंग्रजीतच चालायचं. दोन्हीकडचं मोडकं, त्यामुळे नीट जुळायचं. कॅटामरान लागली आणि बाई उतरल्या, स्क्रीनवर वाटायच्या त्याच्या निम्म्या उंचीच्या. मागून आवाजवाले, पाठीवर एक आणि पोटावर एक पिशवी. मला बघून वाकले. मी वाकलो, परत ते वाकले. मागचा हमाल म्हणाला, “भाऊ, नमस्कार झाला असंल तर सरका.”

किहीमला त्यांच्यासाठी एक कॉटेज बघून ठेवलं होतं. मी शनिवारी काहीच बोललो नाही. रविवारी आईने जेवायला बोलावलं. तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण, आणि त्यांना झेपेल म्हणून तिखट कमी, तरी बाईंचं नाक लाल झालं. आई मराठीतूनच “घ्या हो, लाजू नका” करत होती आणि त्यांना ते बरोबर कळत होतं. आवाजवाले भाकरी थापण्याचा आवाज रेकॉर्ड करत होते. आईने त्यांच्यासाठी दोन जास्त थापल्या.

जेवण झाल्यावर बाई ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसल्या. हळू म्हणाल्या, “एक गंमत सांगू? मी त्या तरीत बसले होते ना, बावीस वर्षांपूर्वी. मला तो खोकला आठवत नव्हता. तुझा आवाज ऐकला आणि वाटलं, मी विसरले. मग रोज ऐकला. आता मला तो आठवतो. आता मला त्या प्रवासात खोकला ऐकू येतो.” आणि हसल्या. “आठवण म्हणजे कसली कच्ची गोष्ट, नाही?”

नोकरी जाईल ही भीती आठवडाभर होतीच, ती आता लहान वाटायला लागली. बाईंची आठवण बरोबर होती. बावीस वर्षांपूर्वी काकांनी बिडीला हातही लावला नसेल, किंवा लावला असेल, पण खोकला तर पुढचाच. त्यांच्या डोक्यात एक खाडी नीट जपलेली होती आणि मी पिंपात डोकं घालून तिच्यात खोकला सोडला होता. माझं तोंड उघडलं, आणि बाहेर काय आलं तर “आइस्क्रीम आणू?”

सोमवारी सकाळी साडेसहाला कॉटेजच्या पडवीत लॅपटॉप मांडला. स्क्रीनवर मफलर आणि कपाळ. इकडे आम्ही तिघं, माडांतून ऊन यायला लागलेलं. बाईंनी वही उघडली. पहिली मफलरची चूक, एका टोपलीचा रंग. मग कपाळाची, कसलीशी फाइल पुसली. मग बाईंनी माझ्याकडे बघितलं.

मी वाक्य पाठ केलं होतं. चार ओळी. पहिला शब्दच आठवेना. मग मला जे एकच काम नीट जमतं ते मी केलं. समोर पाण्याचा मोठा स्टीलचा तांब्या होता, तो तोंडाशी धरला आणि इंजिन सुरू केलं.

डुग डुग डुग डुग. दहा ठोके. अकराव्याला, खर्रर्र.

परत दहा. खर्रर्र.

आवाजवाल्यांनी मानेवरचे हेडफोन काढले. ते काढताना मी पहिल्यांदाच बघत होतो. काढून मांडीवर ठेवले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. स्क्रीनवर कपाळ खाली आलं आणि त्याचे डोळे दिसले. लहान मुलासारखे डोळे, मला माहीतच नव्हते. दोन महिन्यांचं काम त्या डोळ्यांसमोरून जात होतं ते मला दिसलं. मी थांबलो.

म्हटलं, “होडी नव्हती. चिठ्ठी खोटी होती. खोकला माणसाचा आहे, इंजिनाचा नाही. आणि तुम्ही विसरला नव्हता.” हे शेवटचं बाईंकडे बघून.

कोणी रागावलं असतं तर मी रडलो तरी असतो. बाईंनी वहीत लिहिलं. बाकीच्यांच्या चुकांना एक ओळ लागायची, ह्याला पाऊण पान लागलं. तेवढा वेळ फक्त पेनाचा आवाज आणि दूरवर कोणाची तरी पाण्याची मोटर. लिहून झाल्यावर सगळे वाकले. माझ्यासाठी पण वाकले. मग बाई आवाजवाल्यांकडे वळल्या. ते म्हणाले, “माझी पुढच्या सोमवारी सांगतो. अजून कळली नाही पूर्ण.”

मीटिंग संपली. मला वाटलं आता बाई बाजूला घेणार. पण आवाजवाले उठले, दोन्ही पिशव्या अंगावर चढवल्या आणि मला म्हणाले, “खरं इंजिन कुठे आहे?”

वाडीत तांडेलकाका धुतलेला सदरा घालून उभे होते. हँडल मारलं. आवाजवाल्यांनी चाळीस मिनिटं रेकॉर्ड केलं, इंजिनाच्या भोवती फिरून, खाली वाकून, एकदा नारळाच्या बुंध्याला कान लावून. काका एका जागी उभे, श्वाससुद्धा बेताने घेत होते. बाई थोड्या लांब, डोळे मिटून. कितव्या ठोक्याला काय, मी काही मोजलं नाही.

इंजिन बंद झाल्यावर बाई म्हणाल्या, “हेच.” एवढंच. मग माझ्याकडे न बघता पुढे, “पानावरचं वाक्य आपण बदलणार नाही. तुझा आवाज निघेल. खोकल्यावरचं सगळं काम निघेल.” मी मान हलवली. माझं काय निघणार ते त्या बोलल्या नाहीत, मलाही विचारवलं नाही.

आवाजवाल्यांनी खिशातून कोरी चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. मी गुडघ्यावर ठेवून भरली. जागा, वेळ, हजर: चार माणसं, दोन कुत्री. काकांनी वाकून बघितलं, “माजं नाव लिव्हलंस का?” लिहिलं होतं. ह्या वेळी ते खरंच हजर होते.

मंगळवारी दोघं गेले. जेट्टीवर परत तेच वाकणं. तो आठवडा मी कसा काढला ते आईला विचारा. एकही आवाज काढला नाही मी. शेजारच्या काकू विचारून गेल्या, पोराला ताप आहे का. फोन वाजला की धावत जायचो, आणि न वाजला तर जास्त वेळा बघायचो. दर सोमवारचं बोलावणं रविवारी रात्री आपोआप यायचं. ह्या रविवारी यायचं की नाही, त्याच्यावर सगळं होतं. जेवताना आलं. मी भात तसाच ठेवला.

सोमवार. साडेसहा. चौघं स्क्रीनवर, माशाच्या दुकानावरच्या त्या खोलीत. मफलरची चूक. कपाळ पूर्ण चेहऱ्याने बसला होता, म्हणाला, “दोन महिने एका आवाजावर काम केलं आणि तो कुठून आला हे एकदाही विचारलं नाही.” बाईंनी लिहिलं. मग आवाजवाले. हेडफोन मानेवर परत. चेहरा दगडासारखा ठेवून म्हणाले, “तीस वर्षं मी आवाजाचं काम करतोय. तीन महिने मी एका माणसाला इंजिन समजत होतो. त्याला तेल कुठलं घालत असतील ह्याचाही विचार केला.”

नियम होता, हसायचं नाही. मफलरने तोंडावर मफलर घेतला. बाईंचं पेन थांबलं, खांदे हलत होते. मी हसलो नाही, खरंच. मला भीती वाटत होती, कारण आता माझी पाळी.

“तुझी चूक?” बाईंनी विचारलं. नेहमीच्याच आवाजात, जसं बारा सोमवार विचारलं होतं.

मी तयार करून काही आणलं नव्हतं.

“त्या चिठ्ठीत,” मी म्हटलं, “वाऱ्याची दिशा रिकामी सोडली. मला नक्की माहीत नव्हती.”

बाईंनी लिहून घेतलं. एक ओळ. आवाजवाले स्क्रीनच्या जरा जवळ आले.

“नैर्ऋत्य होता,” ते म्हणाले. “मी भरली.”

सगळे वाकले. मी पण वाकलो, आणि डोकं लॅपटॉपवर आपटलं.